गॅरेज मालकाचं उत्तर: "डुप्लिकेट फिल्टर टाकला, तिसऱ्या दिवशी गाडी घाटात बंद"

साहेब नमस्कार. कुंभार्ली घाटात गाडी बंद पडली, बरोबर वहिनी आणि आई होत्या आणि भर पावसात तासभर थांबायला लागलं, त्याबद्दल मनापासून सॉरी. तो घाट मला माहितीय, तिथं गाडी बंद पडली की माणसाचं काय होतं तेही माहितीय.

पण "डुप्लिकेट फिल्टर टाकून फसवलं" हे जे रिव्ह्यूत लिहिलंय ना, ते काय पटलं नाही. साहेब, डिझेलचा फिल्टर तुम्ही आणला होता. ऑनलाइन मागवलेला, पिवळ्या पिशवीत, खोका तुमच्यासमोर फोडला. मी तेव्हाच म्हणलं की पत्रा हलका वाटतोय, कराडात ओरिजिनल मिळतोय, पोराला पाठवून अर्ध्या तासात आणतो, तर तुम्ही म्हणालात आहे तोच बसवा, गावात दुप्पट लावतात. बरं, बसवला. घरात बिल असेल तर एकदा काढून बघा, ४५० रुपये, फिल्टर बदलणे आणि एअर काढणे (डिझेलच्या लाइनमधली हवा), एवढंच लिहिलंय, फिल्टरची ओळच नाही त्यात. जो माल मी विकलाच नाही तो डुप्लिकेट कसा काय दिला मी?

दुसरं, "दहा मिनिटांच्या कामाला अडीच तास लावले." नुसता फिल्टर पट्ट्यानं फिरवून काढायचा आणि दुसरा आवळायचा असेल तर होतंय दहा मिनिटात. पण तुमची क्वालिस २००४ ची, फिल्टरच्या बुडाला पाण्याचा सेन्सर असतो तो जुन्यातनं काढून नव्याला लावायला लागतो, तो तुमचा इतका गंजून बसलेला की रॉकेल सोडून अर्धा तास वाट बघितली, जोर केला असता तर तुटला असता आणि मग त्याचंपण माझ्याच नावानं लिहिलं असतं तुम्ही. जुन्या फिल्टरमधलं डिझेल मी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून तुम्हाला दाखवलं, आठवतंय का, खाली चार बोटं पाणी आणि तांबूस गाळ. ती बाटली अजून फळीवर आहे, टाकली नाही. तेव्हा तुम्हीच बोलता बोलता म्हणालात की रानातल्या बॅरलमधलं ट्रॅक्टरचं डिझेल कधी कधी गाडीत ओततो, आणि डॅशवरचा फिल्टरचा लाइट गणपतीपासून पेटतोय. गणपतीपासून साहेब! तो लाइट शोभेला दिलेला नाही, फिल्टरचा खालचा कॉक सैल करून वरचं हातपंपाचं बटण पाच-सहा वेळा दाबलं की पाणी निघून जातं, फुकटचं काम आहे. या गाडीचा पंप डिझेलवरच वंगण घेतो, वेगळं ऑइल नाही त्याला, त्यात पाणी गेलं की पंप आणि इंजिनात डिझेल फवारणारं नोझल दोन्ही जातात आणि मग बिल साडेचारशेचं राहत नाही. म्हणूनच मी म्हणलं की टाकी उतरवून धुवून घेऊ, नाहीतर नवा फिल्टरपण जाम होणार. तुम्हाला साखरपुड्याला चिपळूणला जायचं होतं, म्हणालात आल्यावर बघू. मी तरी काय करणार, गाडी तुमची.

आणि ते जीपवाल्याचं. "एका जीपवाल्यानं दोन मिनिटात चालू करून दिली, जे मेकॅनिकला जमलं नाही." साहेब त्यानं काय केलं, फिल्टरवरचं बटण घट्ट होईपर्यंत दाबलं आणि सेल्फ मारला, बरोबर? तेच मी तुम्हाला जाताना बॉनेट उघडून दाखवलेलं, पण तुमचा फोन चालू होता. हे लागलं मला, खोटं कशाला बोलू. तेवीस वर्षं झाली या धंद्याला, डिझेल गाड्यांचीच कामं करतो, आणि आता नवीन गिऱ्हाईक आधी मोबाइलवर बघतंय मग येतंय, वर तुमचाच रिव्ह्यू दिसतोय. काल एक बोलेरोवाला गेटपर्यंत येऊन परत गेला, आता तो त्याच्यामुळं गेला का दुसऱ्या कशामुळं देव जाणे.

आता माझ्या बाजूचं पण सांगतो. बटण दाबून चालू झाली म्हणजे कुठंतरी एअर धरत होती. या गाडीत पंप टाकीतनं डिझेल ओढून घेतो, त्यामुळं फिल्टरजवळ कुठं फट राहिली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते, सपाटीला कळत नाही आणि चढाला गाडी मान टाकते. सेन्सरची ओरिंग, म्हणजे फट बंद करणारं रबराचं कडं, तुमच्या खोक्यात आलीच नव्हती, आणि पोरानं जुनीच पुसून डिझेल लावून परत बसवली. मी बघितलं होतं. वीस-तीस रुपयांची वस्तू, माणूस पाठवून आणायला पाहिजे होती, तुम्ही घाईत होतात आणि मीपण म्हणलं चालेल. टाकीतल्या गाळानं जाळी चोंदली असेल तरी असंच होतं, पण ओरिंग नवीन टाकली असती तर आज मला छाती ठोकून बोलता आलं असतं. आता ओरिंगचं पाकीटच आणून ठेवलंय, आणि गिऱ्हाइकानं आणलेला माल बसवायचा का नाही त्याचंपण काहीतरी ठरवतोय.

तुमचा फोन सकाळी आला तेव्हा मी गाडीखाली होतो, नंतर दोनदा लावला, तुम्ही उचलला नाही. गाडी आणा, ओरिंग आणि एअरचे पैसे नाहीत, टाकी धुवायची मजुरी तेवढी पडेल. स्टार एकच राहू दे, मी काय म्हणत नाही, फक्त तो डुप्लिकेट शब्द काढा.

सोमवारी बंद असतं. मंगळवारी दहाच्या आत आणा आणि येताना डिझेल भरू नका, टाकी उतरवायला हलकी पडते.