टेकडीवरचं ऍव्हरेज

पुण्यात कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात पडायच्या आत पहिला प्रश्न येतो, "ऍव्हरेज किती देते?" रंग, एअरबॅग, डिकी हे सगळं नंतर. या प्रश्नाला खरं उत्तर देणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. ज्याची गाडी तेरा देते तो "पंधरा-सोळा" म्हणतो, पंधरावाला "अठरा, हायवेला वीस" म्हणतो. आमच्या मजल्यावरचे काका तर चोवीसच्या खाली उतरतच नाहीत. उद्या ऍव्हरेजवर इन्कम टॅक्स लागला, तर अख्खं कोथरूड एका रात्रीत बारावर येईल.

माझ्या गाडीच्या माहितीपत्रकात लिटरला साडेवीस छापलंय. असल्या आकड्यांचं माहेर आमच्या बाल्कनीतून दिसतं. वेताळ टेकडीवरची एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, 1966 पासूनची संस्था. देशातल्या कितीतरी गाड्यांची परीक्षा तिथे होते. गाडी रोलरवर चढवतात, चाकं जागच्या जागी फिरतात, एसी बंद. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग वाढवायचा, उतरवायचा, मध्ये थोडं थांबायचं. वेग ताशी 90 च्या वर जात नाही आणि जेमतेम वीस मिनिटांत पेपर संपतो. परीक्षा चोख आहे, याबद्दल वाद नाही. सगळ्यांना एकच पेपर, म्हणून तर दोन गाड्यांची तुलना करता येते. फक्त त्या पेपरात कर्वे पुतळ्याचा चौक नसतो. आणि मागच्या सीटवरून "अहो, जरा बाजूला घ्या, गजरे दिसतायत" असं म्हणणारं कुणी नसतं.

आमची गाडी टेकडीच्या पायथ्याशी अकरा देते. बारा दिले त्या दिवशी घरात शिरा होतो.

डॅशबोर्डवर ऍव्हरेज दाखवायची सोय ज्याने काढली, त्याचा संसार सुखाचा असणार, नाहीतर त्याला हे सुचलं नसतं. चांदणी चौकाकडे चढताना आकडा सहावर येतो, उतारावर पाय काढला की 99.9. सिग्नलला तर शून्यच. चालू इंजिन नुसतं उभं राहूनही तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं, एसी असेल तर आणखी. त्यामुळे लोक सिग्नलचे सेकंद बघतात तेव्हा मी पेट्रोलचे थेंब मोजत असतो. हिला तो आकडा बघवत नाही. तो बघणाऱ्या मला बघवत नाही, असं ती म्हणते.

मे महिन्यात आमच्यात एसीवरून जे होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शहरातल्या कूर्मगतीत काचा खाली आणि एसी बंद, हे माझं म्हणणं शास्त्राला धरून आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, तो त्रास हायवेला, इथे कुठला? "शास्त्राला घाम येत नाही," ही म्हणाली आणि बटण दाबलं.

खरं ऍव्हरेज काढायचं तर टाकी फुल ते टाकी फुल हाच मार्ग. पंपावर मी उतरतो, झिरो बघतो, नोझल खटकन बंद झालं की "बास!" म्हणतो. पण पंपावरच्या पोराच्या बोटांना गोल आकड्याची ओढ असते. 2,463 वर थांबलेलं मीटर त्याच्या डोळ्यांत खुपतं. "साहेब, पंचवीसशे करतो ना!" आणि माझं होकार-नकार ठरायच्या आत टक्, टक्, टक्. तिसऱ्या टक्-ला माझा महिन्याभराचा हिशोब टाकीत बुडतो. पलीकडच्या रांगेत एकजण टाकीत जास्त मावावं म्हणून गाडी धरून गदागदा हलवत असतो. बायकापोरं आतच.

काकांच्या चोवीसचं रहस्य त्यांनी मला एकदा विश्वासात घेऊन सांगितलं. कात्रजचा घाट उतरताना न्यूट्रल! मी सांगून पाहिलं, काका, आताच्या इंजिनात गिअरमध्ये असताना पाय काढला की पेट्रोल आपोआप बंद होतं, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतं. शिवाय घाटात सगळा भार ब्रेकवर. काकांनी सगळं ऐकून घेतलं. "तुझं किती देते?" एवढंच विचारलं.

सांगलीकडचा मेहुणा आला की वेगळाच फास. मी इथेनॉलचं रडगाणं लावतो: त्याच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, पेट्रोलमध्ये वीस टक्के तेच मिसळलेलं, म्हणजे कागदावरच सहा-सात टक्के गेले. प्रत्यक्षात किती जातात यावर तज्ज्ञ भांडत बसोत, मला दोष द्यायला कुणीतरी मिळालं. तर हा पठ्ठ्या मिशीत हसतो. "दाजी, तुमच्या टाकीत आमचा ऊस हाय. जरा मानानं चालवा गाडी." यावर काय बोलणार? सासुरवाडीच्या उसाला नावं ठेवून त्याच घरचं जेवायचं कसं?

टायरमधली हवा मात्र मी नेमाने भरतो. सगळ्या उपायांत तेवढाच एक कुणाला न दुखावता होतो.

काकांनी दिवाळीत इलेक्ट्रिक गाडी घेतली. पेढे आले. सवयीने मी ऍव्हरेज विचारणार होतो, तर काकाच म्हणाले, "एका चार्जमध्ये चारशे!" मग आवाज खाली आणून, "रविवारी साताऱ्याला निघालायस ना? मला घेऊन जाशील?"

"अहो काका, तुमची चारशेवाली?"

"जाईल रे साताऱ्याला," काका म्हणाले, "पण मला परतही यायचंय."