द्राक्षाकडे न पाहता वाइन कशी चाखावी

वाइन चाखायला जायचे ठरले की पहिला प्रश्न हंगामाचा येतो, आणि त्याचे उत्तर निःसंशय जुलै किंवा ऑगस्ट हेच आहे. महाराष्ट्रात द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या तयार होतात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घड बाहेर पडतात, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात उरकते. म्हणजे भर पावसाळ्यात वेलीवर पानांखेरीज काहीही दिसत नाही, आणि सुज्ञ पुणेकराला नेमके हेच हवे असते. फोटोला मागे हिरवेगार रान मिळते आणि घडाकडे पाहण्याची सक्ती राहत नाही. शिवाय ‘पण यात द्राक्षे कुठे आहेत?’ असे विचारून वायनरीच्या माणसाला कोंडीत पकडल्याचे समाधान पदरात पडते, ते वेगळेच. जानेवारीत मात्र चुकूनही जाऊ नये. त्या दिवसांत तोडणी रात्री नाहीतर पहाटेच्या गारव्यात चालते, क्रेटनी भरलेले ट्रॅक्टर वाट अडवून उभे असतात, आणि कामात बुडालेली माणसे आपण पुण्याहून आलो आहोत या गोष्टीची पुरेशी दखल घेत नाहीत.

पावसाळा म्हटला की आषाढ आणि श्रावण आलाच. आषाढ अमावास्येच्या आधीच्या रविवारी जागा मिळणे कठीण असते, म्हणून आपण श्रावणाचाच विचार करावा, आणि घरातून आक्षेप आला तर द्राक्ष हे फळ आहे, वाइन हा त्याचा रस आहे आणि रस आंबला हा निसर्गाचा दोष आहे, अशा क्रमाने बाजू मांडावी. आजोबांच्या कपाटातले द्राक्षासवही आंबवूनच तयार होते आणि ते दोन चमचे घेताना कोणी पंचांग उघडत नाही, हा मुद्दा शेवटी ठेवावा. त्यानेही काम भागले नाही, तर सरकारला साक्षीला बोलवावे. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, असे जाहीरपणे सांगणारे लोक सत्तेच्या बाजूलाच होते. पुढे विरोध झाला आणि तो निर्णय बाजूला पडला, हे सांगण्याची आवश्यकता नाही. मुख्य म्हणजे तो शेतकऱ्यांच्या हितासाठी घेतला होता, हे वाक्य पाठ करून ठेवावे. आपण दिवसभरात शेतकऱ्याचा जो उल्लेख करणार आहोत तो एवढाच.

रस्ते दोन आहेत. नाशिकचा सुमारे दोनशे दहा किलोमीटरचा. पहाटे सहाला निघायचे ठरवून साडेआठला निघावे, चाकणच्या कोंडीत दीड तास काढावा आणि तोवर गाडीत वाइनच्या माहितीचे व्हिडिओ पाहावेत. वाटेतल्या नारायणगावात १९८० च्या दशकातच स्पार्कलिंग वाइन तयार होऊन परदेशी जाऊ लागली होती, परंतु आपण तेथे मिसळीसाठी थांबत असल्यामुळे ही गोष्ट कानावर येण्याचे कारण नाही. गंगापूर धरणाच्या परिसरात पोहोचेपर्यंत दुपारचे दोन वाजतील. तेथे दीड तास थांबून परत फिरले की दिवसभराच्या सहलीतला बहुतेक दिवस गाडीत गेलेला असेल, आणि असे असूनही ‘निवांत वाटले’ असेच म्हणायचे असते.

दुसरा रस्ता सोलापूरचा. पाटसवरून बारामतीकडे वळले की रोटीच्या माळावर एक वायनरी आहे, आणि तसेच पुढे अकलूजच्या बाजूला गेले तर मोटेवाडीच्या रानात सँजोव्हेजे ही खास इटलीची जात लावलेली आहे. या रस्त्याची अडचण अशी की तो बराचसा तुकोबांच्या पालखीचा रस्ता आहे. लोणी काळभोर, यवत, वरवंड, पाटस, रोटीचा घाट, बारामती, इंदापूर आणि अकलूजचे रिंगण ही गावे आपल्याला आजीकडून ऐकून माहीत असतात, त्यामुळे वारीचे दिवस टाळून जावे. भक्तिभावापेक्षा रस्ता बंद असतो म्हणून. याच वाटेवर, हडपसर सोडताच, मांजरी लागते. तेथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. कोणत्या जमिनीत कोणता खुंट, म्हणजे कलमाखालचे मूळझाड, टिकतो, कोणती जात कोणत्या रोगाला बळी पडते, पाणी किती द्यावे, याचा शोध आपल्या घरापासून अर्ध्या तासावर लागत असतो. तेथून जाताना गाडीच्या काचा वर घेऊन एसी वाढवावा, कारण मांजरीपर्यंत ऊन बरेच चढलेले असते.

गाडी कोण चालवणार, हा प्रश्न निघण्यापूर्वी सोडवू नये. रक्ताच्या शंभर मिलिलिटरमागे तीस मिलिग्रॅम मद्यार्क ही कायद्याची मर्यादा आहे आणि ती ओलांडली तर पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, हे सर्वांना ठाऊक असते. म्हणूनच प्रत्येक कुटुंबात एक न पिणारा साडू जपलेला असतो. त्याला सहलीचे आमंत्रण ‘तुम्हीही या, निसर्ग छान आहे’ अशा शब्दांत द्यावे. वर्गणी मात्र सारखीच घ्यावी. वाइनसाठी वयाची अट एकवीस वर्षांची असल्यामुळे विसाव्या वर्षीच्या भाच्याला द्राक्षाचा रस मिळेल, आणि त्या दिवशी मद्याची चव न लागलेले द्राक्ष खरोखर चाखणारा तोच एकटा असेल.

वायनरी दाखवण्याचा कार्यक्रम साधारण अर्ध्या-पाऊण तासाचा असतो. स्टीलच्या उंच टाक्या बघून दूध डेअरीची आठवण आली तरी मोठ्याने काढू नये. पांढऱ्या वाइनसाठी रस सालीपासून लगेच वेगळा करतात आणि लाल वाइनचा रंग सालीतून उतरतो, हे तेथे सांगतील तेव्हा मान डोलवावी, आणि बाहेर पडल्यावर ‘लाल वाइनमध्ये रंग घालतात ना?’ असे परस्परांना विचारावे. खरा वेळ पिंपांच्या खोलीत द्यावा. ओकच्या लाकडाचे सव्वादोनशे लिटरचे पिंप, पिवळा मंद दिवा आणि गारवा असा तिहेरी योग पुण्यात भाड्याच्या स्टुडिओतही मिळत नाही.

यानंतर प्रत्यक्ष चाखणे. येथे आपल्या शिक्षणाचा कस लागतो. पाच-सहा प्रकार येतात. आधी फसफसणारी, मग पांढरी, गुलाबी, लाल, आणि शेवटी गोड. प्रत्येक वेळी पेल्याच्या तळाशी दोन-तीन घोट असतात, ते पाहून ‘एवढीच?’ हा उद्गार निघणे स्वाभाविक आहे. पेला देठाला धरावा, तिरका करून पांढऱ्या कागदावर रंग पाहावा, गोल फिरवावा, नाक आत घालावे, घोट तोंडात खेळवावा आणि हवा असल्यास शेजारच्या भांड्यात थुंकावा. शेवटची पायरी कोणीही पाळत नाही, कारण पैसे भरलेली वस्तू थुंकण्याचे संस्कार आपल्यावर नाहीत. सॉव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनचा वास घेताना आपल्या नाकाला स्वच्छपणे पेरू आणि ढोबळी मिरची जाणवेल. ते कबूल करू नये. व्हिडिओत जे गूसबेरी नावाचे फळ सांगितले होते त्याचेच नाव घ्यावे. आपण ते कधी पाहिलेले नाही, पण समोरच्यांनीही पाहिलेले नसते, त्यामुळे वाद होत नाही. लाल वाइन तोंडात धरली असता हिरड्या ओढल्यासारख्या होतील. ती तुरट चव सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनची असते, आणि जांभूळ खाल्लेल्या कोणत्याही माणसाला ती लहानपणापासून ओळखीची असते. तरी प्रथमच भेटल्यासारखा चेहरा करावा. यात गोडाचा प्रकार कुठला, ही चौकशी आरंभापासून चालू ठेवावी. वाइनचे द्राक्ष खाण्याच्या द्राक्षापेक्षा बारीक, बियांचे, जाड सालीचे आणि चांगलेच गोड असते, तोडणीच्या वेळी त्याचे ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे माप, बावीस-चोवीसच्या घरात असते, आणि ती सगळी साखर आंबवून संपवण्यासाठीच हा खटाटोप आहे, ही माहिती असली तर विचारताना जीभ अडखळते. म्हणून ती नसावी.

टेस्टिंग करून देणारा मुलगा बहुधा जवळपासच्याच तालुक्यातला असतो. तो इंग्रजीतून बोलतो, कारण त्याला तसे शिकवलेले असते आणि आपल्यालाही तेच बरे वाटते. त्याच्याशी मराठीत बोलण्याचा मोह टाळावा. ही सूचना मी विशेष गांभीर्याने देत आहे, कारण एका गटातल्या काकूंनी, त्या मूळच्या तासगावच्या, बेदाण्याच्या घरातल्या, अगदी सहज म्हणून विचारले होते, ‘काय रे बाळा, तुमच्याकडे पाऊस लागून राहिलाय का?’ तो मुलगा हातातली बाटली टेबलावर ठेवून एकदम वेगळ्याच आवाजात बोलू लागला. घरी तीन एकर बाग आहे, त्यातली एक एकर वायनरीला करारावर, बाकी खाण्याची. चार दिवस ऊन नाही, पानाच्या खालच्या अंगाला केवड्याची पांढरी बुरशी दिसली, वडिलांनी काल भर भुरभुरीत फवारा मारला, तो रात्रीच्या सरीने धुऊन गेला. काकूंनी काडीवरचे डोळे, म्हणजे अंकुर, तपासले का, असे विचारले. अजून वेळ आहे, असे तो म्हणाला. छाटणीच्या आधी काड्या प्रयोगशाळेत देऊ. मग त्याने खिडकीबाहेरच्या वेलीकडे बोट दाखवून सांगितले, की पुढच्या वर्षीचा घड उन्हाळ्यातच काडीच्या डोळ्यात तयार झालेला असतो, आता दिसत नाही इतकेच, आणि त्या वेळी उन्हाने दगा दिला असेल तर ऑक्टोबरमध्ये कितीही चांगली छाटणी करा, डोळ्यातून घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे तंतू, निघते. या सगळ्यात दहा मिनिटे गेली. शिराझ ही लाल वाइन ओतायची राहिली, जेवणाची वेळ टळली, आणि गटातल्या दोघांनी परतीच्या वाटेवर त्या काकूंना याबद्दल ऐकवले. असे प्रसंग ओढवून घेऊ नयेत.

बागेत शिरायची परवानगी असेल तर अवश्य शिरावे, मात्र पानाला हात लावू नये, कारण त्यावर निळसर-पांढरे डाग असतात आणि ते पांढऱ्या लिननवर उठून दिसतात. तो मोरचूद आणि चुन्याचा फवारा आहे. शेतकरी त्याला बोर्डो म्हणतात, आणि फ्रान्समधल्या ज्या बोर्डोच्या बाटल्यांविषयी आपण नुकतेच टेबलावर अधिकाराने बोलत होतो, त्याच मुलखातून तो आला. तेथले बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर हे मिश्रण शिंपडत, ते येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडून खाऊ नयेत म्हणून; आणि त्याच वेली केवड्यातून वाचतात हे १८८० च्या दशकात मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले. वाटसरूंविषयीचा तो मूळ अंदाज किती अचूक होता, हे पाहायचे असेल तर फेब्रुवारीत एखाद्या रविवारी पुण्याच्या गाड्या लागल्यावर पहिल्या दोन ओळींतले घड मोजावेत.

जेवणाविषयी फार लिहावे असे काही नाही. मटन रस्सा मागवावा, त्याबरोबर सर्वांत तुरट लाल वाइन घ्यावी, तिखटाने जिभेची आग झाली की वाइन कडू आहे असे मत नोंदवावे.

निघताना दोन बाटल्या घ्याव्यात, त्यांतली एक महागातली. गाडीत जागा नसल्यामुळे ती डिकीत ठेवावी, परतीच्या उन्हात आणि चाकणच्या कोंडीत ती व्यवस्थित शेकून निघते. घरी आल्यावर ती फ्रिजवर उभी ठेवणारे लोक अडाणी समजावेत. आपण ऑनलाइन लाकडी रॅक मागवावा आणि बाटली आडवी ठेवावी, कारण आडवी ठेवल्याने वाइन बुचाला लागून राहते, बूच सुकत नाही आणि आत हवा जात नाही, असे जाणकार सांगतात. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांप्रमाणे आपल्याही बाटलीला बूच नसून फिरकीचे झाकण असेल, आणि आतली पांढरी वाइन वर्षा-दोन वर्षांतच प्यायची असेल. तरी रॅक परत पाठवू नये. त्याची मुदत सात दिवसांची असते आणि आपल्याला झाकण दिसेल तेव्हा मुलीची दहावी झालेली असेल.