स्कोडात ऑडी कुलूपबंद नसते

नागपुरातल्या गाडीवेड्या पोरांच्या ग्रुपांवर सध्या ‘कार कंपन्यांचं गुपित’ नावाचा एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: स्कोडा आणि ऑडी एकच गाडी, दोन्ही फोक्सवॅगन समूहाच्या, वरचे पंधरा-वीस लाख नुसत्या ऑडीच्या बिल्ल्यावरच्या चार रिंगांचे. ऑडीची अब्रू जाऊ नये म्हणून कंपनी स्कोडाच्या इंजिनाला सॉफ्टवेअरमधून कुलूप घालते. तीस-चाळीस हजारांत रिमॅप केलं, म्हणजे इंजिनाच्या सॉफ्टवेअरची फाइल बदलून घेतली, की ते उघडतं, ‘ऑडीची ताकद’ मिळते आणि बाकी गाडीला काहीही होत नाही. स्वस्त ब्रँडला महाग ब्रँडच्या पुढे कंपनी कधीच जाऊ देत नाही. एन लाइन, जीटी, आरएस असा बिल्ला दिसला की ती रेसिंगची गाडी. टाटाची हॅरिअर म्हणजे लँड रोव्हर, टोयोटाची कॅमरी म्हणजे लेक्सस. आणि शेवटी, ‘शोरूमवाले हे सांगणार नाहीत, पुढे पाठवा.’

माझ्या भाच्याने तो मला पाठवला, तेव्हा त्याचा रिमॅपवाल्याला अॅडव्हान्स देऊन झाला होता. त्याच्याकडे सेकंड हँड स्कोडा ऑक्टाव्हिया आहे, १.८ टीएसआय (१.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन), ऑटोमॅटिक. नको म्हटलं तर उत्तर आलं, “मावशी, सगळेच करून राहिले ना. काही नाही होत.”

मी हिंगणा एमआयडीसीत ट्रॅक्टरचे गिअर बनवणाऱ्या युनिटमध्ये काम करते. गिअरचा दात किती टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, सोसेल आणि कुठे तुटेल, हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्यामुळे ‘बाकी गाडीला काहीही होत नाही’ हे वाक्य मला सहन होत नाही. मेसेजमधल्या सगळ्या मुद्द्यांत पोरांच्या खिशाला आणि जिवाला धोका असलेला मुद्दा हाच, म्हणून आधी कुलुपाचं बघू.

२०१६ साली स्कोडाने भारतात नवी सुपर्ब आणली. पेट्रोल इंजिन एकच होतं, १.८ टीएसआय, १८० पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच). पण ब्रोशरमध्ये टॉर्कचे आकडे दोन होते. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या सुपर्बला ३२० न्यूटन मीटर (टॉर्क यातच मोजतात) आणि सात गिअरच्या ऑटोमॅटिकला २५०. गाडी तीच, इंजिन तेच, बिल्ला तोच, शोरूमही तीच, आणि कमी टॉर्कवाली ऑटोमॅटिक उलट महाग. ऑडीला वाचवण्यासाठी कुलूप घालायचं असतं, तर ते स्वस्तातल्या मॅन्युअलला पहिल्यांदा लागलं असतं.

हे ७० न्यूटन मीटर गिअरबॉक्समुळे कमी झाले. त्या ऑटोमॅटिकमध्ये डीक्यू२०० नावाचा सात गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स आहे. फोक्सवॅगन समूहाने तो बनवलाच २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या इंजिनांसाठी. भाच्याच्या ऑक्टाव्हियातही तोच गिअरबॉक्स आणि तोच २५०चा आकडा. आता २०१४ मध्ये भारतात आलेली ऑडी ए३ सेडान बघा: १.८ टीएफएसआय (टीएसआयचं ऑडीतलं नाव), १८० पीएस, सात गिअर, २५० न्यूटन मीटर. म्हणजे ज्या ऑडीची ताकद मिळवायला पोरगा पैसे मोजतोय, तिचा आकडा त्याच्या दारात उभ्या असलेल्या गाडीइतकाच होता. पुढे ए३ मध्ये १.४ लिटरचं इंजिन आलं, तेव्हाही टॉर्क २५०. आजच्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हियाच्या १.५ टीएसआयचा टॉर्कही २५०च. स्कोडा, फोक्सवॅगन, ऑडी असे तीन बिल्ले आणि त्यांच्यावर मर्यादा एकच, कारण गिअरबॉक्स एकच.

हा गिअरबॉक्स आतून कसा चालतो ते सांगते. त्यात दोन क्लच असतात, एक विषम गिअरांसाठी आणि एक सम गिअरांसाठी. ते कोरडे असतात, म्हणजे उष्णता वाहून न्यायला त्यांच्याभोवती तेल नसतं. क्लच प्लेट ठरावीक दाबाने धरलेली असते. त्या दाबाला पेलेल त्यापेक्षा जास्त टॉर्क आला की प्लेट घसरते, घसरली की तापते, आणि तापली की तिची पकड आणखी कमी होते. रिमॅपवाले ज्याला स्टेज वन म्हणतात, त्यात १.८ टीएसआयचा टॉर्क सहज तीनशेच्या पुढे नेतात. इंजिन ते देऊही शकतं, मॅन्युअल सुपर्बमध्ये कंपनीच ते देत होती. पण क्लच प्लेट, गिअरचे दात आणि सगळं नियंत्रित करणारं मेकॅट्रॉनिक युनिट जुनंच राहतं. सॉफ्टवेअरची फाइल बदलून पोलादाची ताकद वाढत नाही.

त्यात आपलं नागपूर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, व्हरायटी चौकात सिग्नलला थांबत-सरकत चाललेली रांग. अशा सरकण्यातच कोरडा क्लच सगळ्यात जास्त झिजतो, कारण तो पूर्ण धरलेलाही नसतो आणि पूर्ण सुटलेलाही नसतो. जास्तीचा टॉर्क न देताही या गिअरबॉक्सला उष्णता सोसत नाही, असा जगभरच्या मालकांचा अनुभव आहे. २०१३ मध्ये ड्युअल क्लच गिअरबॉक्समधल्या दोषासाठी फोक्सवॅगनला एकट्या चीनमध्ये ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. ज्या कंपनीने तो बनवला तिचीही इतकी दमछाक झाली, तिथे दुकानात लॅपटॉप लावून बसलेला माणूस ‘काही नाही होत’ म्हणतो आणि आपण त्याला गाडी देतो.

कंपनीला जास्त ताकद द्यायची होती तेव्हा तिने काय केलं, हेही बघण्यासारखं आहे. २०१७ मध्ये ऑक्टाव्हिया आरएस भारतात आली, २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर, किंमत साधारण साडेचोवीस लाख. तिच्यात डीक्यू२०० नव्हताच. तेलात बुडालेल्या क्लचचा सहा गिअरचा डीक्यू२५० होता, आणि त्याची मर्यादा ३५० न्यूटन मीटर. २०२० मध्ये आरएस २४५ आली, टॉर्क ३७० झाला, तर गिअरबॉक्सही बदलून आणखी दणकट डीक्यू३८१ आला. जोडीला मोठे ब्रेक, खाली बसवलेलं सस्पेन्शन आणि पुढच्या चाकांत ताकद वाटून देणारा इलेक्ट्रॉनिक डिफरन्शिअल लॉक. आधी झेपणारा गिअरबॉक्स, मग टॉर्क, असा तो क्रम आहे. रिमॅपवाला त्यातली शेवटची पायरी तेवढी विकतो.

ब्रेकचं तर मेसेजमध्ये नावही नाही. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे आणि रस्ता सरळ असल्यामुळे ती ओलांडायचा मोह होतो. नागपूरहून शिर्डीकडे निघालेली रिमॅप केलेली गाडी लवकर वेग पकडते, पण थांबवायची वेळ आली की डिस्क आणि पॅड १८० पीएसवालेच असतात. शिवाय गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवला नसेल, तर अपघातानंतरच्या दाव्यात तो आडवा येतो. वॉरंटी तर जातेच. ही चिंता वीस-बावीस वर्षांच्या पोराला नसते, ती घरच्यांच्या वाट्याला येते.

आता अर्धं सत्य मान्य करते, कारण ते आहे. टॉर्क सॉफ्टवेअरनेच बांधलेला असतो, हे खरं. एकाच इंजिनाचे कमी-जास्त ताकदीचे अवतार कंपन्या काढतात, हेही खरं. पण दर वेळी फरक फाइलपुरता नसतो. सातव्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयचं आणि गोल्फ आरचं इंजिन एकाच घराण्यातलं २.० टीएसआय, पण आरमध्ये टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) मोठा आहे आणि चारही चाकांना ताकद जाते. ऑडी एस३ मध्येही तोच मोठा टर्बो. जीटीआयला रिमॅप करून ‘एस३ झाली’ म्हणणाऱ्याने बॉनेट उघडून टर्बो बघावा.

‘स्वस्त ब्रँडला पुढे जाऊ देत नाहीत’ हा मुद्दा तर उघड खोटा आहे. २०२० ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ पीएसची, किंमत छत्तीस लाख. २०२१ च्या जानेवारीत आलेली ऑडी ए४ १९० पीएसची, किंमत बेचाळीस लाखांच्या वर. दोन्ही एकाच समूहाच्या, आणि सरळ रस्त्यावर स्कोडाच पुढे. ह्युंदाईचं बघा. तिने २०१५ मध्ये जेनेसिस हा आलिशान ब्रँड वेगळा काढला आणि त्याच वर्षी बीएमडब्ल्यूच्या एम विभागातून आल्बर्ट बिअरमन यांना आणलं, ते ह्युंदाईच्या स्पोर्टी गाड्यांसाठी. पुढे एकाच ई-जीएमपी प्लॅटफॉर्मवर (प्लॅटफॉर्म म्हणजे अनेक गाड्यांना सामायिक असलेला पाया) जेनेसिस जीव्ही६० परफॉर्मन्स आली ती बूस्टसह ४९० पीएसची, आणि ह्युंदाई आयोनिक ५ एन आली ती बूस्टसह ६५० पीएसची. जास्त ताकद साध्या बिल्ल्याला मिळाली.

याचं कारण सरळ आहे. स्पोर्टी गाडी घेणाऱ्याला कडक सस्पेन्शन चालतं, एक्झॉस्टचा आवाज तर हवाच असतो. आलिशान गाडी घेणाऱ्याला आत शांतता हवी, खड्डा जाणवायला नको, मागे बसलेल्या आईवडिलांची पाठ दुखायला नको. म्हणून काचा, दारांचे रबर, आवाज अडवणारे थर, सीट यांत पैसा जातो. कंपन्या दोन ब्रँड वेगळे ठेवतात ते बरंचसं इथे, आणि शोरूममध्ये मिळणाऱ्या वागणुकीत. १८० पीएस की २४५ ही त्यांची मुख्य भिंत नाही.

मग ‘एकच गाडी, नुसत्या रिंगा’ याचं काय? काही गाड्यांबाबत मेसेज बराच खरा आहे, हे जड मनाने लिहिते. ऑडी क्यू३, फोक्सवॅगन टिग्वान आणि स्कोडा कोडिअॅक या तिघी एमक्यूबी प्लॅटफॉर्मवरच्या, आणि भारतात तिन्ही २.० टीएसआय, १९० पीएस, ३२० न्यूटन मीटर, चारही चाकांना ताकद, याच आकड्यांनिशी विकल्या गेल्या. इथे क्यू३ ला जास्तीचे पैसे देणारा माणूस मुख्यतः केबिन आणि नाव विकत घेतो. पण ए४ ला हेच लावता येत नाही. २०२० च्या सुपर्बचे आणि ए४ चे आकडे सारखे आहेत, तेही १९० आणि ३२०. तरी सुपर्बचं इंजिन आडवं बसवलेलं, ए४ चं उभं. ए४ एमएलबी या वेगळ्याच प्लॅटफॉर्मवर आहे. इंजिनाची बसवणूक बदलली की गिअरबॉक्स, सस्पेन्शन, पुढच्या चाकांची जागा, सगळं बदलतं.

आणि नुसत्या नावाला किंमत असते, हे फोक्सवॅगनने स्वतः पैसे घालवून शिकून घेतलंय. २००२ मध्ये त्यांनी फेटन आणली. पुढच्याच वर्षी आलेल्या बेंटली कॉन्टिनेंटल जीटीशी तिचं जवळचं नातं, मोठं बारा सिलिंडरचं डब्ल्यू१२ इंजिनही मिळत होतं, ड्रेस्डेनला काचेचा कारखाना खास तिच्यासाठी उभारला. गाडी उत्तम होती. पण तेवढे पैसे फोक्सवॅगनच्या बिल्ल्याला द्यायला लोक तयार झाले नाहीत, आणि २०१६ मध्ये ती बंद झाली. बेंटली मात्र विकली जात राहिली.

बिल्ल्यांचं थोडक्यात. २०२१ मध्ये भारतात आलेली ह्युंदाईची आय२० एन लाइन १२० पीएस आणि १७२ न्यूटन मीटरची होती, साध्या आय२० टर्बोइतकीच. एक्झॉस्टचा आवाज, थोडं कडक सस्पेन्शन, चारही चाकांना डिस्क ब्रेक, एवढा फरक. खरी आय२० एन १.६ लिटरची, २०४ पीएसची, ती आपल्याकडे आलीच नाही. एन लाइन चांगली गाडी आहे, पण ती फुटाळा तलावावर मिरवून रेसिंगची होत नाही.

हॅरिअरची मूळ रचना लँड रोव्हरच्या डी८ प्लॅटफॉर्मवरून घेतली, हे टाटा स्वतःच सांगते, त्यात गुपित कसलं? जॅग्वार लँड रोव्हर २००८ पासून टाटांकडेच आहे. पण हॅरिअरचं डिझेल इंजिन फिएटच्या घराण्यातलं, मागचं सस्पेन्शन वेगळं आणि साधं, आणि डिझेलमध्ये ताकद फक्त पुढच्या चाकांना. कॅमरी आणि लेक्सस ईएसचा पाया आणि २.५ लिटरचं हायब्रिड इंजिन एकच, हे मात्र खरं. तिथे भांडायला जागा नाही.

भाच्याने रिमॅप पुढे ढकललाय, रद्द केलेला नाही. ज्यांनी सात गिअरच्या डीक्यू२०० वर रिमॅप करून घेतलाय, त्यांच्यासाठी सांगते. दुकानदाराकडे मूळ फाइलची प्रत असते, ती परत टाकून घ्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सरकवताना थरथरते का, हे लक्ष देऊन बघा. थरथरत असेल तर क्लच प्लेटची झीज तपासून घेतल्याशिवाय समृद्धीवर काढू नका. आणि नवीन घेणार असाल तर शोरूममध्ये दोनच गोष्टी विचारा: गिअरबॉक्सचं नाव काय, आणि तो किती न्यूटन मीटरचा.