‘यांच्या तोंडचं खरं का मानायचं?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली असली तरी लेख नीट वाचून लिहिलेली आहे, त्यामुळे ‘धन्यवाद, मतभेद असू शकतात’ म्हणून वाटेला लावत नाही. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हेवी मेटल वाजवणारे आपली गाणी कशी रचतात याबद्दल ते स्वतः काय बोलतात, असा मागच्या लेखाचा विषय होता. तुमचं म्हणणं : या मुलाखती म्हणजे अल्बम खपवायची जाहिरात, त्या मी पवित्र ग्रंथासारख्या वाचतो, मेटलमध्ये सृजनप्रक्रिया वगैरे काही नसतं, चार रिफांची (गिटारवर पुन्हापुन्हा वाजणाऱ्या छोट्या स्वरतुकड्यांची) जुळवाजुळव असते, आणि हे पाल्हाळ लावण्यापेक्षा कोण बँड सोडून गेला, कोण परत आला अशा सरळ बातम्या दिल्या तर वाचकाचा काही फायदा होईल.

जाहिरातीचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. अल्बम यायच्या आधीचे दोन महिने प्रत्येक बँड तीनच वाक्यं बोलतो. हा आमचा आजवरचा सर्वांत हेवी अल्बम आहे. आम्ही आमच्या मुळांकडे परत गेलो आहोत. बँडमधलं वातावरण इतकं छान कधीच नव्हतं. (तिसरं वाक्य ऐकलं की वर्षभरात कोणीतरी बाहेर पडणार असं मी खुशाल समजतो.) ही वाक्यं मीही वाचत नाही, त्यांवरून डोळे घसरवत पुढे जातो. पण तोच माणूस त्याच मुलाखतीत पुढच्या मिनिटाला सांगतो की गिटारच्या तारा सैल करून सूर किती उतरवला होता, खोलीत कोण होतं, गाणं आधी ड्रमवर बसलं की गिटारवर. इथे त्याला थापा मारून मिळायचं काही नसतं, आणि मारल्याच तर रेकॉर्ड आपल्याकडे आहे. माझी चाळणी एवढीच आहे : जे कानाने ऐकून किंवा अल्बमच्या श्रेयनामावलीत बघून पडताळता येतं ते घ्यायचं, बाकीचं त्याच्याकडेच राहू द्यायचं.

तुम्ही ज्या गोष्टीला ‘अतिवापराने गुळगुळीत झालेली दंतकथा’ म्हटलंत, त्या ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या बोटांपासूनच सुरुवात करू. बर्मिंगहॅममधला पत्र्याचा कारखाना, सतरा वर्षांचा पोरगा, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि यंत्राखाली उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात नेमका हाच. मग त्याने भांड्यांच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली आणि वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. हे सगळं तो पन्नास वर्षं सांगत आला आहे, आणि दर वेळी त्याला थोडी नवी झिलई चढत असेल, कबूल. पण आता चामडं चढवलेल्या प्लास्टिकच्या टोपणाने तार दाबून बघा. तार बोटाला जाणवतच नाही. किती जोर लागतोय ते कळत नाही, म्हणून माणूस लागतो त्यापेक्षा जास्त दाबतो. ताणलेली जाड तार ओढून स्वर वर न्यायचा तर टोपणच निसटतं. म्हणून त्याने आधी पातळ तारा शोधल्या, हलका संच मिळेना तेव्हा बँजोच्या तारा गिटारला लावल्या, आणि पुढे सगळ्या गिटारचा सूरच खाली उतरवला.

आणि हे ऐकू येतं. सॅबथचं ‘पॅरानॉइड’ हे 1970 चं गाणं नेहमीच्या ट्युनिंगमध्ये आहे. 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’वरचं ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ तीन अर्धस्वर खाली आहे, आणि बँडमधल्या गीझर बटलरने बेस गिटारही त्याच्याबरोबर खाली आणला आहे. दोन्ही गाणी एकामागून एक लावा. दुसऱ्यात तार सैल असल्यामुळे आघातानंतर स्वर क्षणभर डगमगतो आणि मग बसतो. पुढे डूम आणि स्टोनर या नावांनी मेटलचे जे संथ, जड उपप्रकार आले ते या डगमगण्यावर जगले आहेत. आयोमीला अंधारलेला, भयाण आवाज हवा होता का? मुलाखतींमध्ये तो कधी हो म्हणतो, कधी नाही. त्याच्याशी मला काही देणंघेणं नाही. तीन अर्धस्वर मात्र खोटं बोलत नाहीत.

दुसरं उदाहरण, तुम्ही ‘भावनांचा बाजार’ म्हणालात ते मेटॅलिकाचं ‘नथिंग एल्स मॅटर्स’. त्यांचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड याचं सांगणं असं की तो मैत्रिणीशी फोनवर बोलत होता, एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हाताने सहज तारा छेडत होता. मैत्रीण, विरह, रात्र हे सगळं बाजूला ठेवा. गिटार घ्या आणि सुरुवात वाजवा : खालची जाड ‘ई’, मग ‘जी’, ‘बी’, वरची ‘ई’. सगळ्या मोकळ्या तारा. पहिल्या काही स्वरांना डाव्या हाताला कामच नाही. फोन खरा होता की नाही हे आपल्याला कधीच कळणार नाही, पण एक हात रिकामा नव्हता हे स्वरांतच लिहिलेलं आहे. मुलाखत न वाचता मला हे दिसलं असतं का? नसतं. मी मुलाखती वाचतो त्या यासाठी.

मेटॅलिकाचाच दुसरा गिटारवादक कर्क हॅमेट याच्या हरवलेल्या फोनची मात्र तुम्ही यथेच्छ टिंगल केलीत. अडीचशेच्या आसपास रिफ फोनमध्ये रेकॉर्ड केलेल्या, बॅकअप घेतलेला नाही, आणि फोन गेला. ‘शाळेतली सबब’ हा तुमचा शब्द मला आवडला. पण इथेही चाळणी लावा. 2016 च्या ‘हार्डवायर्ड... टू सेल्फ-डिस्ट्रक्ट’वर रचनाकार म्हणून हॅमेटचं नाव एकाही गाण्यावर नाही. 2023 च्या ‘72 सीझन्स’वर ते परत दिसतं. तेव्हा काहीतरी झालं होतं एवढं नक्की. फोनमुळेच झालं असं मी म्हणत नाही. त्या बँडमध्ये हेटफिल्ड आणि ड्रमर लार्स उल्रिक यांनी दार लावून घेतलं की तिसऱ्याच्या रिफला आत यायला फारशी फट राहत नाही, असं माझं जुनं मत आहे.

जुळवाजुळवीबद्दल थोडक्यात. जुळवाजुळवच आहे, त्यात कमीपणा काय? मेशुगा हा स्वीडिश बँड ऐका. ड्रमरचा हात झांजेवर सरळ चार मात्रा धरून चालतो. खाली गिटार आणि पायाने वाजणारा बेस ड्रम मिळून एक आकृती वाजवतात जी चारात मावत नाही, त्यामुळे दर आवर्तनाला ती सरकत जाते, आणि ठरावीक मात्रांनंतर तिला अर्ध्यातच कापून सगळे पुन्हा एकत्र येतात. हे हिशेबाचं काम आहे. 2005 च्या ‘कॅच थर्टीथ्री’वर त्यांनी ड्रम चक्क प्रोग्रॅम केलेले वापरले, आणि ते लपवलं नाही. मग 2008 मध्ये ‘ब्लीड’ या गाण्यासाठी ड्रमर टोमास हाकेला पायाची पद्धत जवळजवळ नव्याने शिकावी लागली, कारण कागदावर सुचलेलं पायाला जमत नव्हतं. सुचणं आणि जमणं यांच्यामधलं हे अंतर ज्याला सृजन वाटत नाही, त्याच्याशी या विषयावर वाद घालण्यात मला रस नाही.

आता तुमचा सगळ्यात जड प्रश्न : संगीतकाराला तरी आपलं गाणं कसं झालं हे ठाऊक असतं का? बहुतेक वेळा नसतं, आणि याचा पुरावा चित्रीकरण करून ठेवलेला आहे. ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ हा मेटॅलिकावरचा 2004 चा माहितीपट तुम्ही ‘श्रीमंतांची रडगाणी’ म्हणून निकालात काढलात. मी तो वेगळ्या कारणासाठी पुन्हापुन्हा बघतो. 2001 च्या सुरुवातीला बेसवादक जेसन न्यूस्टेड बँड सोडतो. काही महिन्यांनी हेटफिल्ड व्यसनमुक्तीसाठी निघून जातो, परततो तो पुढच्या वर्षी, आणि येताना एक नियम घेऊन येतो : दुपारी बारा ते चार एवढंच काम, आणि चारनंतर उरलेल्यांनी रेकॉर्डिंग ऐकायचंही नाही. उल्रिकचा चेहरा तेव्हा बघावा. भांडण वरवर वेळापत्रकाचं आहे, पण खरा प्रश्न असा की गाण्यावर मालकी कोणाची. तेव्हा घडत असलेल्या ‘सेंट अँगर’ या अल्बमचे शब्द सगळ्यांनी मिळून लिहायचे ठरतात, निर्माता बॉब रॉकच बेस वाजवतो, आणि मोठ्या पगारावर ठेवलेला समुपदेशक हळूहळू गीतलेखनातही तोंड घालायला लागतो.

त्यात एक छोटा प्रसंग आहे. गिटार सोलो (गाण्यात मध्येच एकट्या गिटारने घेतलेली झेप) ठेवायचे नाहीत असं घाटत असतं, कारण तेव्हा सोलो जुनाट मानले जात होते. हॅमेट, जो सहसा मान खाली घालून ऐकतो, तो सांगतो की सोलो काढून टाकलेत तर उलट हा अल्बम याच काळाचा म्हणून कायमचा ओळखला जाईल. त्याचं कोणी ऐकत नाही. 2003 मध्ये ‘सेंट अँगर’ येतो, एकाही सोलोशिवाय, आणि आज तो लावला की पहिल्या मिनिटात वर्ष सांगता येतं. खोलीतल्या सगळ्यांत शांत माणसाने अचूक भाकीत केलं होतं. दुसऱ्या एका दृश्यात उल्रिकचे म्हातारे वडील, लांब पांढरी दाढी, एक तुकडा ऐकतात आणि कुठलाही आडपडदा न ठेवता सांगतात की हे पुसून टाक. पोराचं तोंड पडतं. प्रसिद्धीसाठी दिलेल्या कुठल्या मुलाखतीत हे सापडलं असतं? तेव्हा तुमचा संशय मला मान्य आहे, पण त्याचं औषध कमी वाचणं नव्हे, वेगळ्या ठिकाणी वाचणं आहे.

आणि सरळ बातम्या. तुम्हाला वाटतं तितक्या त्या सरळ नसतात. दोन तासांच्या गप्पांतून एक वाक्य उचलायचं, अवतरणचिन्हात टाकायचं आणि मथळा करायचा, असं मेटलच्या बातम्यांचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. कोणी म्हणालं ‘एकत्र वाजवायला आवडेल, पण शक्य दिसत नाही’, तर मथळ्यात स्वल्पविरामापर्यंतचंच येतं. आयर्न मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन याचं उदाहरण घ्या. त्याच्या कॅन्सरची बातमी फेब्रुवारी 2015 मध्ये आली, आयर्न मेडनचा ‘द बुक ऑफ सोल्स’ त्याच सप्टेंबरात. दोन बातम्या शेजारी ठेवल्या की ‘आजाराशी झुंजत गायलेला अल्बम’ अशी गोष्ट आपोआप तयार होते, आणि ती मी बऱ्याच ठिकाणी वाचली. प्रत्यक्षात गाणी निदानाच्या आधीच गाऊन झाली होती. बाहेर यायला उशीर झाला तो उपचारांमुळे. त्यातलं ‘एम्पायर ऑफ द क्लाउड्स’ अठरा मिनिटांचं आहे, आणि डिकिन्सनने ते पियानोवर बसून रचलं. गिटारवाल्यांच्या बँडमध्ये एक गाणं पियानोवर जन्मतं तेव्हा ते असं लांबत, वळत जातं. मला बातमी वाटते ती ही.

ड्रमर माइक पोर्टनॉय ऑक्टोबर 2023 मध्ये ड्रीम थिएटर या आपल्या बँडमध्ये परतला, ती बातमी मी दिली होती, कारण तिने अल्बम बदलणार होता. 2010 मध्ये तो बँड सोडून गेल्यावर पुढच्याच अल्बमसाठी ड्रमचे आराखडे गिटारवादक जॉन पेट्रुचीने प्रोग्रॅम केले आणि त्याच्या जागी आलेल्या माइक मँजिनीने ते पुढ्यात घेऊन वाजवले. गाणं बसत असताना ड्रमर खोलीत नव्हता. कान देऊन ऐकलं तर ड्रम तिथे नको तितके आज्ञाधारक वाटतात. (मँजिनीचे चाहते आता माझ्यावर तुटून पडतील, पडू देत.) याउलट स्लेअर हा बँड 2024 मध्ये पुन्हा एकत्र आल्याची बातमी मी दिली नाही म्हणून तुम्ही खूप चिडलात. ते मैफिलींसाठी एकत्र आले. 1986 च्या ‘रेन इन ब्लड’ची जवळपास एकोणतीस मिनिटं ज्याने मुख्यतः रचली, तो गिटारवादक जेफ हॅनमन 2013 मध्ये वारला. 2015 च्या ‘रिपेंटलेस’मध्ये त्याचं एकच गाणं आहे, बाकीचा भार दुसरा गिटारवादक केरी किंग याच्यावर, आणि त्यात कुठेही तो धोक्याचा, तोल जाईल असं वाटायला लावणारा वेग नाही. स्लेअरबद्दलची शेवटची खरी बातमी माझ्या लेखी ती होती. तिकिटविक्री सुरू झाल्याचं कळवायला इतर पुष्कळ जण आहेत.

वाचायचं तर मग कोणाचं, असं तुम्ही शेवटी विचारलंत. ड्रमरचं आणि निर्मात्यांचं वाचा. गायक आणि गिटारवाले स्वतःबद्दल बोलतात. हे दोघं बाकीच्यांवर लक्ष ठेवून असतात. मेटॅलिकाच्या ‘एंटर सँडमन’ची रिफ हॅमेटची, पण तिचा पहिला तुकडा पुन्हापुन्हा वाजव ही सूचना ड्रमर उल्रिकची, शब्द बदलून घेण्यामागे बॉब रॉकही होता. आणि शक्यतो अल्बमनंतर दहा-पंधरा वर्षांनी दिलेल्या मुलाखती वाचा, तेव्हा विकायला काही उरलेलं नसतं.

जाता जाता, ‘सेंट अँगर’वरच्या स्नेअर ड्रमबद्दल तुम्ही लिहिलंत की कोणीतरी रिकामा डबा बडवतंय असं वाटतं. स्नेअरच्या खालच्या बाजूला तारांची एक पट्टी असते, खटका सोडला की ती कातड्यापासून सुटते आणि चर्र असा आवाज जाऊन नुसता टणत्कार उरतो. तो खटका अख्ख्या अल्बमभर सुटाच ठेवला आहे, जाणूनबुजून. उल्रिक आजही त्याचं समर्थन करतो. मी नाही करत. सव्वा तास ते ऐकणं ही शिक्षा आहे.