कोयनेच्या भूकंपनोंदी निरुपयोगी नाहीत

कोयना परिसरात धक्का जाणवला की एक संदेश हमखास फिरू लागतो. भूकंपमापक यंत्रे सारे घडून गेल्यावरच बोलतात, संस्थांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि लहान धक्क्यांनी जमिनीतील ताण निघून जात असल्याने ते मोजण्यावर खर्च करू नये, असे त्यात म्हटलेले असते.

पहिले विधान अर्धे खरे आहे. भूकंपाची वेळ आधी सांगणारे यंत्र जगात कोठेही नाही. पण म्हणून नोंदी वाया जात नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, ज्या भूकंपात १७० हून अधिक माणसे दगावली, त्या वेळी कोयना धरणाच्या आत बसवलेल्या त्वरणलेखकाने (हादऱ्यांचा जोर नोंदवणाऱ्या यंत्राने) हादऱ्यांचा आलेख टिपला आणि काँक्रीटची धरणे भूकंपात कशी टिकतील हे तपासताना जगभरचे अभियंते तो आलेख आजही वापरतात. जलाशय भरू लागल्यानंतर धक्के वाढले, पावसाळ्यानंतर त्यांची संख्या पुन्हा वाढते, आणि १९८५ पासून वारणेचा जलाशय भरू लागल्यावर हालचाल दक्षिणेकडे पसरली, हा पाण्याशी असलेला संबंध वर्षानुवर्षे जपलेल्या नोंदींवाचून उमगलाच नसता.

आकड्यांतील फरकाला लबाडी म्हणणे अन्यायाचे आहे. भूकंपातून निघणाऱ्या लहरींपैकी प्राथमिक लहर नोंदणी केंद्रावर आधी पोहोचते, दुय्यम मागाहून. दोहोंत एका सेकंदाचे अंतर असेल तर भूकंप त्या केंद्रापासून साधारण ८ किलोमीटरवर झालेला असतो, आणि किमान तीन नोंदणी केंद्रांची अशी अंतरे जुळवून त्याचे ठिकाण ठरते. केंद्रे किंवा मोजलेली लहर बदलली की तीव्रता थोडी बदलते. १९६७ च्या भूकंपाचीच तीव्रता कोठे ६.३, तर कोठे ६.५ दिलेली आढळते.

तिसरे विधान सर्वांत घातक आहे, कारण ते लोकांना निर्धास्त करते. तीव्रता एकने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, त्यामुळे ६.३ च्या एका भूकंपाची ऊर्जा लहान धक्क्यांतून निघायची तर ४ तीव्रतेचे सुमारे २,८०० धक्के लागतील. कोयनेत १९६० च्या दशकापासून ४ किंवा अधिक तीव्रतेचे धक्के दोनशेच्या आसपास झाले आहेत. मात्र याच लहान धक्क्यांची ठिकाणे व खोली नकाशावर मांडली की जमिनीखालचा भ्रंश, म्हणजे जिथे खडक सरकतात ती भेग, कोठून आणि किती तिरका जातो ते दिसते, आणि म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने येथे पृष्ठभागावरच्या गोंगाटापासून दूर, खोल विंधनविवरांत (जमिनीत खोदलेल्या अरुंद छिद्रांत) भूकंपमापक उतरवले आहेत.