फेब्रुवारीत मोजलेले गाव

गावाची लोकसंख्या किती, असे कोणी विचारले की मी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेला आकडा सांगत असे. आमचे गाव बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात आहे. हल्ली तो आकडा सांगताना जीभ अडखळते, कारण ती मोजणी २०११ च्या जनगणनेतली, म्हणजे फेब्रुवारीतली आहे आणि फेब्रुवारीत आमचे जवळपास अर्धे गाव गावात नसते.

दसरा-दिवाळी झाली की मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली जोडपी भांडीकुंडी, शेळ्या आणि तान्ही मुले घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावरच परततात. २०११ ची प्रत्यक्ष गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि या सगळ्या दिवसांत जो घरी नव्हता, त्याची नोंद तो जिथे असेल तिथे व्हायची होती. माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून केलेला हा नियम मला चुकीचा वाटत नाही. पण उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत नोंदवलेला माणूस वर्षातले सहा-सात महिने पाणी पितो ते आमच्या गावचे, हेही तितकेच खरे आहे.

मागच्या फेब्रुवारीत मी गावाच्या पूर्वेकडच्या वस्तीत गेलो होतो. अकरा घरांपैकी नऊ घरांना कुलूप होते. एक आजी तीन नातवंडांना सांभाळत होत्या आणि शेजारच्या पाच घरांच्या किल्ल्या त्यांनी पदराच्या गाठीत बांधून ठेवल्या होत्या. कुलुपे सर्व आळ्यांत सारखी नसतात. ज्यांच्याकडे विहीर-बागायत आहे त्यांची दारे उघडी असतात. कोरडवाहू दोन एकरवाले आणि भूमिहीन जातात, मग ते वंजारी असोत, मराठा असोत, बौद्ध असोत की मातंग. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तो योग्यच होता. मात्र कोणाच्या दाराला कुलूप लागते हे पाटीवरच्या नावाने ठरत नाही.

कोकणातले स्थलांतर आकड्यांत तरी दिसते. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि २००१ च्या तुलनेत जिल्ह्याची लोकसंख्याच घटली होती. आमच्याकडे नवरा-बायको दोघेही जात असल्याने गुणोत्तरावर त्याची खूण उमटत नाही. (शून्य ते सहा वयोगटात बीडमध्ये हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, त्याचा दोष मात्र स्थलांतरावर ढकलता येणार नाही, तो आपल्या घरांचा आहे.)

आता पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे पुन्हा ऐन हंगामात. १९३१ नंतर प्रथमच जनगणनेत सर्व जातींची नोंद होणार आहे. अशा वेळी प्रगणकाने कारखान्याकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या याद्या हाती घेऊन प्रत्येक फडावर जावे, ही माझी कळकळीची मागणी आहे. आणि कोपीतल्या कुटुंबाचे मूळ गाव कोणते, हा प्रश्न तिथे स्पष्टपणे विचारला जावा. गावांनीही हातावर हात ठेवून बसू नये. टोळ्या निघण्याआधी घरटी एक यादी करावी, त्यात कोण जाणार, कुठे जाणार, किती मुले सोबत असतील आणि किती मागे राहतील हे लिहावे, असा अर्ज मी ग्रामसभेसाठी लिहिला आहे. पहिली सही किल्ल्या सांभाळणाऱ्या त्या आजींनी केली आहे.