दारापासून हुकापर्यंत

गेल्या रविवारी इथे युरोपात रीजनल ट्रेनमध्ये, म्हणजे आसपासची गावं जोडणाऱ्या गाडीत चढताना माझ्यापुढे सत्तरीच्या आसपासचे एक काका होते. त्यांच्याकडे बॅटरीवरची सायकल होती. डब्याच्या दारावर सायकलचं मोठं चित्र, आत सायकलींसाठी हुक, सगळं नियमाप्रमाणे. फक्त हुक छताजवळ. म्हणजे पुढचं चाक डोक्याच्या वर उचलायचं, त्यात अडकवायचं आणि सायकल उभी टांगून ठेवायची. साधी सायकल १२ ते १५ किलोची असते, बॅटरीवाली सहज २० ते २५ किलो भरते. काकांनी दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी चाक हुकापासून चार बोटं खाली राहिलं आणि त्यांचे हात थरथरायला लागले. मी खालून सीट धरून रेटा दिला, तेव्हा कुठे ते अडकलं. श्वास खाली बसल्यावर ते म्हणाले, "चढलो खरा, पण उतरताना कोण असेल?"

त्यांच्या आधी दोन स्टेशनं मी उतरणार होते.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे, म्हणून ही लांबलचक पोस्ट. गेली काही वर्षं मी सायकल घेऊन गाडीने फिरते आहे आणि माझं मत आता पक्कं झालंय. गाडीत सायकल न्यायला परवानगी आहे की नाही, एवढाच प्रश्न आपण विचारतो, आणि तो अपुरा आहे. स्टेशनच्या दारापासून डब्यातल्या हुकापर्यंत एकट्या माणसाला, कुणाची मदत न घेता, सायकल नेता येते का, हे विचारायला हवं. मध्ये एका जागी जरी अडलं, तरी ती परवानगी कागदावरच राहते.

लिफ्टचंच घ्या. मोठ्या माणसाची सायकल साधारण १.८ मीटर लांब असते. युरोपात स्टेशनांवर जी लिफ्ट सर्रास दिसते ती आतून १.१ बाय १.४ मीटरची असते, कारण ती व्हीलचेअर डोळ्यासमोर ठेवून ठरवलेली आहे. व्हीलचेअरचा विचार झाला हे फार चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण सायकल त्यात सरळ मावत नाही. मागच्या चाकावर उभी करून, हँडल छातीशी धरून, पाठ भिंतीला लावून जावं लागतं. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी भरलेल्या पिशव्या असतील तर त्या काढा, आधी त्या आत ठेवा, मग सायकल. तेवढ्यात फलाटावर गाडीची घोषणा होते. मग जिना. जिन्याच्या कडेला चाक ढकलायला नुसती एक अरुंद पन्हळ असती, तरी अर्धं काम झालं असतं.

मग फलाट आणि डबा यांच्यातली उंची. युरोपात नव्या फलाटांसाठी ५५ आणि ७६ सेंटीमीटर अशा दोन उंची ठरलेल्या आहेत. त्याच उंचीचा डबा आला की सायकल अक्षरशः ढकलत आत जाते, पाच सेकंदांचं काम. जुना डबा आला तर आत दोन-तीन पायऱ्या, मध्ये उभा दांडा, आणि दार एवढं अरुंद की हँडल तिरकं केल्याशिवाय सुटत नाही. गाडी लहान स्टेशनवर थांबते जेमतेम मिनिटभर. मागे चार माणसं ताटकळत उभी असतात. तुम्ही कितीही शांत स्वभावाचे असा, त्या मिनिटात घाम फुटतोच.

डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या एस-टोग या उपनगरी गाड्यांमध्ये २०१० पासून सायकल मोफत नेता येते. त्यानंतर गाडीतून जाणाऱ्या सायकलींची संख्या कित्येक पटींनी वाढली. मला वाटतं, तिकीट माफ झालं म्हणूनच ते घडलं नाही. सायकलींसाठी अख्खी मोकळी जागा ठेवली, तो डबा बाहेरून लांबूनच ओळखता येतो, आणि सायकल जमिनीवरच उभी राहते. कुणालाही काही उचलावं लागत नाही.

नेदरलँड्सने दुसरी वाट धरली. तिथे गर्दीच्या वेळी साधी सायकल गाडीत चालत नाही, घडीची मात्र कधीही चालते. त्याच्या बदल्यात स्टेशनवर सायकल ठेवायची सोय त्यांनी इतकी वाढवली की उत्रेख्त शहरात २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या एकाच वाहनतळात १२,५०० सायकली राहतात, आणि पलीकडच्या स्टेशनवर उतरलं की भाड्याची सायकल तयार असते. रोज कामावर जाणाऱ्यांसाठी हे उत्तम आहे. मी स्वतः रोजच्या कामासाठी असंच काहीतरी निवडेन. पण दोन दिवस नदीकाठाने जाऊन भलत्याच गावाहून परतायचं असेल, तर स्वतःची, उंचीला बसणारी, सामान बांधलेली सायकलच लागते.

युरोपीय महासंघाच्या २०२१ च्या रेल्वे प्रवासी हक्कांच्या नियमांत, नव्याने घेतल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये साधारणपणे किमान ४ सायकलींची जागा असावी, असं कलम आहे. सुरुवात म्हणून मी त्याचं मनापासून स्वागत करते. तरी आकडा वाचताना काकांचे हात आठवतात. छताजवळचे चार हुक लावले तरी आकडा भरतोच.

आता दुसरी बाजू, कारण ती मी स्वतः अनुभवली आहे. सायकलची जागा बहुतेक गाड्यांमध्ये घडीच्या सीटांचीही असते, व्हीलचेअरची आणि बाबागाडीचीही. व्हीलचेअर आली की आपण सायकल घेऊन खाली उतरायचं, यात वाद घालण्यासारखं काही नाही. मी दोनदा उतरले आहे आणि पुढची गाडी घेतली आहे. मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. गर्दी झाली की कोणाला घ्यायचं हे डब्यातल्या कर्मचाऱ्यावर सोडलेलं असतं, आणि पुढच्या गाडीत जागा आहे का हे सांगायला कुणीच बांधील नसतं. एकदा रात्रीच्या शेवटच्या गाडीला मला नाही म्हटलं गेलं. तिकीट माझं होतं, सायकलचंही होतं. पावसात १८ किलोमीटर चालवत गेले. त्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही, डबा खरंच भरला होता. पण शेवटच्या गाडीसाठी तरी वेगळा नियम हवा. जर्मनीत २०२२ च्या जून ते ऑगस्टमध्ये स्वस्त मासिक पास निघाला तेव्हा गाड्या इतक्या भरल्या की सायकल आणू नका, असं प्रवाशांना सांगावं लागलं. म्हणजे प्रवासी वाढले की पहिली जागा जाते ती सायकलची. डबे वाढवल्याशिवाय यावर दुसरा इलाज मला दिसत नाही.

आपल्या हातात असलेलं थोडं सांगते. सायकल लावण्याआधी बाकीच्यांना विचारा, कुठे उतरणार. शेवटी उतरणाऱ्याची सायकल भिंतीला, आधी उतरणाऱ्याची बाहेर. पेडल शेजारच्या सायकलच्या आऱ्यांत अडकतं, म्हणून एक सायकल उलट्या तोंडाने लावा. एक हातभर लांबीचा वेल्क्रोचा पट्टा जवळ ठेवा, मागच्या चाकाचा ब्रेक त्याने आवळून ठेवला की वळणावर सायकल घसरत नाही. पिशव्या फलाटावरच काढून हातात घ्या.

माझं स्टेशन आलं तेव्हा समोरच्या घडीच्या सीटवर एक कॉलेजातली मुलगी बसली होती. तिला काकांच्या सायकलबद्दल सांगितलं. तिने कानातले इअरफोन काढले आणि थेट काकांनाच विचारलं, "तुमचं स्टेशन कोणतं?"

घरी येऊन मी रेल्वेला तक्रार पाठवली. डब्याचा क्रमांक, गाडीची वेळ, हुकाचा फोटो, आणि खाली एवढंच: हुक उंच आहेत, वयस्कर माणसाला सायकल उचलत नाही, चारातल्या दोन जागा तरी जमिनीवर द्या. तुमच्या गाडीत हुक असेच असतील तर तुम्हीही डब्याचा क्रमांक टिपून पाठवा. कमेंटमध्ये फोटो टाकलात तर मी माझ्या पुढच्या पत्राला जोडेन.